पाऊस : एका शब्दाचा उगम

वैशाख सरत आला की मुळशी खोऱ्यात धूळवाफ्याच्या पेरणीची घाई होते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द येतो : पाऊस. आज या शब्दाच्या उगमाकडे चालत जाऊ या.

पहिला टप्पा जवळचा आहे. संस्कृतात पावसाळी ऋतूला 'प्रावृष्' म्हणत. महाराष्ट्री प्राकृतात त्याचं 'पाउस' झालं, आपण 'पाऊस' म्हणू लागलो. हा बदल नियमाने झाला. 'रामप्रहर'चं 'रामपारी' होताना 'प्र'मधला र गळतो, तसाच इथे गळला. 'पृच्छ्'पासून 'पुसणं' होताना ऋचा उ होतो, तसाच इथे झाला. मूळ शब्द ऋतूचा होता. मराठीने तो वरून पडणाऱ्या पाण्याला दिला आणि ऋतूला 'काळ' जोडून 'पावसाळा' म्हटलं. उन्हाळा आणि हिवाळा यांतही तोच काळ दडला आहे.

आता दूर जाऊ. 'प्रावृष्'मधला 'वृष्' हा धातू 'वर्षा'त आहे, तसा 'वर्ष' या शब्दातही आहे. युरोपच्या पश्चिम टोकाला, जुन्या आयरिश भाषेत पावसाच्या सरीला 'फ्रस्स' म्हणत. कानाला हे नातं पटत नाही. पण आपल्या 'वीर' शब्दाचा तिकडचा भाऊ 'फेर', म्हणजे पुरुष. मूळचा व तिथे सुरुवातीला फ होतो. हा नियम लावून मागे गेलं, की सर्व केल्टिक भाषांच्या आदिभाषेत '*व्रस्ता' असं नाम उभं राहतं. ग्रीक भाषेत दवाला 'हेर्से' म्हणत, तोही याच कुळातला.

'व्रस्ता'आधीचं ते फुलासारखं चिन्ह (*) महत्त्वाचं आहे. हा शब्द कुठल्याही शिळेवर किंवा पोथीत सापडलेला नाही, तुलनेतून मांडलेला आहे, असं ते प्रामाणिकपणे सांगतं. टर्नर यांच्या १९६०च्या दशकातल्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशातही अशी फुलं जागोजाग दिसतात. आपल्याकडे कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली 'मराठी व्युत्पत्तिकोश' सिद्ध करून शब्दांची मुळं शोधण्याची वाट घालून दिली.

पुन्हा त्या 'फ्रस्स'कडे येऊ. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'फ्रस' म्हणजे सर आणि 'फ्रस' म्हणजे बीसुद्धा. धूळवाफ्यात भात फेकणाऱ्या हाताला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हरवलेली भाषा उभी करताना अभ्यासकाच्या हाती शेवटी बोलणाऱ्यांचे शब्दच असतात. एका बोलीतला शब्द गेला, की तुलनेतला एक साक्षीदार गेला. मृगाला 'मिरग' म्हणणारी, इरलं पांघरून आवणी केलेली माणसं आज आपल्या घरांत आहेत. झड, सर, पागोळी, भुरभुर यांतला फरक त्यांना नेमका ठाऊक आहे. येत्या पावसाळ्यात त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि ते शब्द वहीत उतरवून ठेवा.