कागद हातात आला की आधी तारीख लिहा

आज आपण बोलणार आहोत अपिलाच्या मुदतीबद्दल. विषय कोर्टकचेरीचा वाटतो, पण तो आपल्या घरातल्या कपाटात पडलेल्या पाकिटाचाच आहे.

आपला बचत गट ही बहुतेक ठिकाणी सहकारी संस्था नसते. पण गटातल्या आपण साऱ्याजणी कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेशी जोडलेल्या असतो. कोणी दूध डेअरीची सभासद, कोणी विकास सोसायटीची कर्जदार, कोणी पतसंस्थेत दिराच्या नाहीतर शेजारणीच्या कर्जाला जामीन. या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 या कायद्यावर चालतात. आपल्या विरोधात निर्णय गेला तर वर दाद मागायची सोय त्यात आहे. ती सोय वापरायला मुदत आहे दोन महिने.

आम्ही गावोगाव गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा बाया पिशवीतून कागद काढून दाखवतात. आम्ही विचारतो, हा कागद कधी आला? उत्तर येतं, पोळ्याच्या आसपास, नाहीतर पेरणी चालू होती तेव्हा. आणि बऱ्याचदा पाकिटावर नाव बाईचं असतं, सही करून ते घेतलेलं असतं घरातल्या पुरुषाने, आणि तिला ते दाखवलं जातं वसुलीवाला दारात आल्यावर. तोवर दोन महिने उलटून गेलेले असतात.

म्हणून दोन महिने कधीपासून मोजायचे ते नीट समजून घेऊ. यात दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार सहकार न्यायालयाचा. सभासद आणि संस्था यांच्यातला वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात चालतो. त्याच्या निकालावर कलम 97 प्रमाणे सहकारी अपील न्यायालयात जाता येतं. इथे दोन महिने मोजतात निकालाच्या तारखेपासून. कागद घरी कधी आला यावरून नाही. त्यामुळे निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. अर्ज कधी केला आणि नक्कल कधी मिळाली या तारखा त्या नकलेवरच असतात. नकलेला लागलेला वेळ दाखवायला त्या कामी येतात.

दुसरा प्रकार निबंधक कार्यालयाचा. उदाहरणार्थ, संस्थेने सभासदत्वातून काढून टाकलं आणि निबंधकांनी त्याला मंजुरी दिली. अशा आदेशावर कलम 152 प्रमाणे अपील होतं. इथे दोन महिने मोजतात आदेश आपल्याला कळवल्याच्या तारखेपासून. अपील कोणाकडे करायचं, हे आदेशावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे त्यावर ठरतं.

दोन महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने. आदेश 10 जूनला मिळाला तर 10 ऑगस्टपर्यंत अपील दाखल व्हायला हवं. पण शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. एस.टी. चुकते, वकील बाहेरगावी असतो, पावसात रस्ता बंद होतो.

आता जामीनदार बायांसाठी महत्त्वाचं. पतसंस्था थकबाकीसाठी कलम 101 खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते. या दाखल्यावर अपील होत नाही. कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, तोही दोन महिन्यांत. आणि तो दाखल करून घ्यायला एकूण येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. म्हणजे दाखला एक लाखाचा असेल तर पन्नास हजार आधी. मजुरी करणारी बाई ते कुठून आणणार? म्हणून आपलं म्हणणं मांडायची खरी वेळ दाखला निघायच्या आधीची. सुनावणीची नोटीस आली की त्या तारखेला हजर राहा. सही माझी नाही, कर्जदाराने इतके हप्ते भरले आहेत, हिशेबात व्याज जास्त लावलं आहे, जे खरं असेल ते लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस घरात दाबून ठेवली म्हणून दाखला निघायचा थांबत नाही.

मुदत हुकलीच तर काय? कलम 153 प्रमाणे विलंब माफीचा अर्ज करता येतो. पुनरीक्षणातही अशी सोय आहे. पण पुरेसं कारण पटवावं लागतं. बाळंतपण, आजारपण, घरातला मृत्यू असं कारण असेल तर दवाखान्याचे कागद, दाखले जोडा. नुसतं मला माहीत नव्हतं एवढ्यावर बहुधा भागत नाही. विलंब माफ करायचा की नाही, हे समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं.

आणखी एक. अपील केलं म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. तो राहिला तर अपील चालू आणि जप्तीही चालू, अशी गत होते.

संस्थेच्या नावात मल्टिस्टेट असेल तर तिला केंद्राचा वेगळा कायदा लागतो. तिथे वाद लवादापुढे जातो, मुदतीही वेगळ्या. म्हणून पासबुकावरचं संस्थेचं पूर्ण नाव वाचा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. फोन नंबर आहे 15100. जाताना आदेश, पाकीट, पासबुक आणि पावत्या सोबत न्या.

आता कामाचं सांगतो. कागद हातात आला की त्याच दिवशी त्यावर तारीख लिहा आणि कोणी घेतला तेही लिहा. पाकीट फेकू नका, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिन्यांच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेला गोल करा. घरातल्यांना सांगून ठेवा, माझ्या नावाचं पाकीट माझ्या हातात द्यायचं. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवाकडून नाहीतर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

आणि गटांना एक विनंती. महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की एक प्रश्न सगळ्यांना विचारा: या महिन्यात कोणाच्या घरी सोसायटीचा, पतसंस्थेचा, निबंधकांचा कागद आला का? आला असेल तर तारखेसकट इतिवृत्तात लिहून ठेवा. एकटीच्या घरात दडलेला कागद दहाजणींसमोर उघडला, तर मुदतीच्या आत काही करता येतं.