मंत्राचें लक्ष्य

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, दरेकसा रेल्वे-स्थानकापासून जवळच्या डोंगरांत, कचारगड नांवाचें स्थान आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तेथील विशाल गुहेविषयीं अशी कथा सांगतात कीं, कंकालीचीं मुलें तींत कोंडलीं गेलीं होतीं व द्वाराशीं प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगोच्या प्रेरणेनें हिरासुका पाटालीर ह्या वादकानें नाद घुमविला. मुलांच्या अंगीं बळ संचारलें, शिळा ढळली, मुलें सुटलीं. मात्र ढळलेली शिळा त्या वादकाच्याच अंगावर कोसळली, असें म्हणतात.

नादाची अथवा मंत्राची शक्ति कोठें लागेल आणि कोठें वळेल, हें कुतूहल मनुष्यास फार जुनें आहे. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड ह्यांनीं १९९३ सालीं त्याचा खेळ केला. 'मॅजिक : द गॅदरिंग' ह्या पत्त्यांच्या खेळांत प्रत्येक खेळाडू मांत्रिक होतो. लक्ष्य असलेला मंत्र सोडतांना तें लक्ष्य उघड सांगावें लागतें. प्रतिपक्षी तें बदलूं शकतो. १९९५ सालच्या 'डिफ्लेक्शन' नामक पानाचें कामच तें. परंतु त्यास बंधनें आहेत. नवें लक्ष्य मूळ मंत्राच्या शब्दांत बसलें पाहिजे. प्राण्यावर सोडावयाचा मंत्र खेळाडूवर वळवितां येत नाहीं. दुसरें योग्य लक्ष्य नसेल तर पहिलेंच कायम राहतें. मंत्र वळला तरी त्याचा धनी बदलत नाहीं. म्हणून केवळ प्रतिस्पर्ध्यावर चालणारा मंत्र, दोघांच्या डावांत, सोडणाऱ्यावर उलटवितां येत नाहीं. हे नियम डाव मांडण्यापूर्वीं ठरलेले असतात व दोन्ही पक्षांस सारखेच लागू असतात. हरलेलाही त्यामुळें कुरकुर न करतां उठतो.

आतां आपल्याकडील 'मूठ' पाहावी. कोंकणापासून विदर्भापर्यंत हा शब्द सर्वांस ठाऊक आहे, आणि तो कोणा एका जातीजमातीचा नाहीं. मंतरलेली मूठ शत्रूवर सोडतात व बलवत्तर मांत्रिक ती सोडणाऱ्यावर परतवितो, असा समज आहे. वरवर पाहतां हा पत्त्यांचाच नियम वाटतो. परंतु येथें नियम मागाहून सांगितला जातो. शत्रु आजारी पडला तर मूठ लागली. न पडला तर त्याचा पाठीराखा प्रबळ. तिसराच पडला तर नेम चुकला. मारणाराच पडला तर मूठ उलटली! कांहींही घडलें तरी जो नियम खोटा ठरत नाहीं, तो वस्तुतः कांहींच सांगत नाहीं.

हा दोष केवळ तर्काचा असता तर तो विद्वानांवर सोडतां आला असता. परंतु मूठ कोणास दिसत नाहीं, म्हणून मारणारा तरी दाखवावा लागतो. मूल तापानें फणफणलें कीं संशय शेजारच्या एकाकी विधवेवर वळतो. तिच्या पाठीशीं कोणी नसतें, हेंच तिला निवडण्याचें कारण. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनीं ह्या अन्यायाविरुद्ध अनेक वर्षें कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचें जगणें कठीण करणें हा आतां गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणेंही त्यांत येतें.

कायदा हात धरूं शकतो. संशय मात्र घरोघरींच विझवावा लागतो, आणि तो शहरांतील सुशिक्षित घरांतही अधूनमधून डोकावतोच. कचारगडच्या कथेंत मुलें सुटलीं तीं शिळा हलल्यावर. घरांत दुखणें आलें म्हणजे ती शिळा पाण्यांत आहे, डांसांत आहे कीं आणखी कोठें, हें वैद्यास विचारावें. आणि कोणी मांत्रिक पुढें आलाच, तर पत्ते खेळणारें मूल जें विचारतें तेंच त्यास विचारावें : "नियम आधीं सांगा."