ऑनलाइन विक्रीतील पैशांचे तंटे
(भोर व वेल्हे तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि बचतगटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके भाताचे. हिरडस मावळात, गुंजण मावळात आणि कानद खोऱ्यात पिकणारा इंद्रायणी व आंबेमोहोर नसरापूरच्या वाटेने पुण्याच्या पेठांत जात असे. भाव तेथे ठरे आणि पैसे व्यापाऱ्याच्या सवडीने येत. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, आणि याच काळात विक्रीची वाटही बदलू लागली आहे. विंझर किंवा मार्गासनीच्या बाजूच्या बचतगटाला आपला तांदूळ, नाचणीचे पीठ किंवा करवंदाचे लोणचे मोबाईलवरून थेट नागपूरच्या वा बंगळूरच्या ग्राहकास विकता येते. मधला दलाल गेला, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि या बदलाचे स्वागत करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. माल विकणे सोपे झाले, तरी त्याचे पैसे हाती राहणे तितकेसे सोपे झालेले नाही. समजा, एखाद्या गटाने पाच किलोच्या दहा पिशव्या पाठविल्या. पैसे जमा झाल्याचा संदेश आला. आठ दिवसांनी दुसरा संदेश येतो की, तीन ग्राहकांनी तक्रार केली असून त्यांची रक्कम परत करण्यात आली आहे. तांदूळ परत आलेला नसतो, किंवा आला तर फाटक्या पिशवीत येतो. वर ने-आणीचा खर्च गटाच्या नावे पडतो. मोठ्या दुकानदारास हा तोटा जाणवणार नाही. परंतु ज्या गटाचे भांडवल सदस्यांच्या मासिक बचतीतून उभे राहिले आहे, तेथे तीन पिशव्यांच्या पैशांवरून कुरबुर सुरू होते, चूक कोणाची यावर चर्चा होते, आणि पुढच्या हंगामात ऑनलाइन विक्रीचे कोणी नावही काढत नाही.

खरे पाहता हा तंटा नवा नाही. ‘व्ही. पी.ने मागवा’ ही जुन्या मराठी मासिकांतील जाहिरातींची ओळ अनेकांना आठवत असेल. टपाल खात्याने ही पद्धत भारतात १८७७ मध्ये सुरू केली. पोस्टमन पार्सल देताना किंमत घेई आणि ती विक्रेत्याकडे पोचती होई. ग्राहकाने पार्सल नाकारले तर ते परत येई आणि टपालखर्च विक्रेत्याच्या माथी बसे. आणि पार्सलातून भलताच माल निघाला तर? १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात त्याचाही विचार केलेला होता. फसवणुकीच्या प्रकरणी वसूल झालेली रक्कम अडवून ठेवून ती पार्सल घेणाऱ्यास परत देण्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला होता. तो अधिनियम जून २०२४ मध्ये जाऊन नवा कायदा आला, पण त्यामागील तत्त्व आजही चालू आहे. ज्याने माल न पाहता पैसे दिले, त्याचे संरक्षण आधी. ऑनलाइन बाजारपेठ याच तत्त्वावर चालते. फक्त पोस्टमास्तरांच्या जागी कंपनी आणि बँक आली आहे.

पैसे कोठे थांबतात?

ग्राहकाने भरलेली रक्कम लागलीच विक्रेत्याच्या खात्यात येत नाही. रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमांनुसार पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थेने ते एस्क्रो खात्यात, म्हणजे कोणासही परस्पर वापरता येणार नाहीत अशा स्वतंत्र खात्यात, ठेवावयाचे असतात. बहुतेक कंपन्या माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत रक्कम तेथे ठेवतात. त्यानंतर आपले कमिशन, वाहतूक आणि कर वजा करून उरलेली रक्कम पाठवितात. त्यामुळे कित्येकदा जो तंटा वाटतो तो तंटा नसतोच. ४५० रुपयांच्या पिशवीचे ३६० रुपये आले म्हणजे नव्वद रुपये बुडाले असे नव्हे. ऑर्डरचा क्रमांक, विक्रीची रक्कम, प्रत्येक वजावट आणि प्रत्यक्ष जमा अशा चार रकान्यांची वही आठवड्यातून एकदा कंपनीच्या हिशेबपत्रकाशी ताडून पाहिली, तर खरी तफावत कोणती हे लगेच कळते. शाळेतील शिक्षकांनी हे काम गटातील एखाद्या सुनेला वा मुलीला एका दुपारी शिकविले तरी पुरेसे आहे.

खऱ्या तंट्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ग्राहक कंपनीकडे तक्रार करतो आणि कंपनी रक्कम परत देते. दुसरा, ग्राहक आपल्या कार्डाच्या बँकेकडे जातो आणि व्यवहारच मान्य नाही किंवा माल मिळालाच नाही असे सांगतो. यास चार्जबॅक म्हणतात. बँक ती रक्कम उलट मार्गाने खेचून घेते आणि विक्रेत्याकडे पुरावा मागते. दोन्ही मार्गांत पैसे आधी जातात व म्हणणे नंतर ऐकले जाते. उत्तरास मोजकेच दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत उत्तर गेले नाही तर हातची बाजूही हरते.

मुदतीचा हा प्रश्न या डोंगरी भागात विशेष कठीण आहे. सूचना येते इंग्रजीत, ईमेलवर. जुलैमध्ये लावणी चालू असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी. घरातील सारी माणसे खाचरात असतात आणि दरीतील गावात मोबाईलची रेंज मिळण्यासाठी टेकाडावर जावे लागते. ग्रामपंचायतीतील संगणकचालकाने दर दोन दिवसांनी गटाच्या प्रतिनिधीसमवेत हे संदेश पाहण्याचा परिपाठ ठेवला, तर कित्येक प्रकरणे मुदतीत हाती लागतील. मात्र पासवर्ड आणि ओटीपी गटाच्याच प्रतिनिधीने टाकावेत. ते चालकाच्या वहीत लिहून ठेवण्याची प्रथा पडू देऊ नये.

वर्णन आणि वजन

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यांनुसार माल सदोष असेल, बनावट असेल, जाहीर केलेल्या वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर तो परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झालेला उशीर तेवढा अपवाद. यातील ‘वर्णनाप्रमाणे’ हा शब्द तांदळाच्या विक्रेत्याने नीट लक्षात घ्यावा.

आंबेमोहोरच्या नावाखाली परप्रांतातील दुसरे सुवासिक तांदूळ खपविले जातात, ही तक्रार जुनी आहे. त्यामुळे शहरातील ग्राहक आधीच साशंक असतो. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचे वाण. त्यास आंबेमोहोरचा वास आहे म्हणून कोणी ‘आंबेमोहोर’ लिहून विकले, तर तक्रार करणारा ग्राहक बरोबर ठरतो आणि गटापाशी उत्तर उरत नाही. याहून अधिक तक्रारींना कारण होतो तो नवा तांदूळ. पौष-माघात विकलेल्या नव्या इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकट होतो. मावळातील माणसाला तो तसाच आवडतो, पण मोकळ्या भाताची सवय असलेला परगावचा ग्राहक ‘खराब माल’ म्हणून पिशवी परत करतो. ‘नवा तांदूळ, भात चिकट होतो, पाणी कमी घालावे’ हे एक वाक्य मालाच्या वर्णनात लिहिले तर ती तक्रार टिकत नाही. अखंड दाणा किती, कण्या किती, पॉलिश किती, हेही लिहावे. खप थोडा कमी होईल, पण झालेली विक्री परत येणार नाही.

वजनाचेही तसेच. ओलसर तांदूळ भरला की वाटेत वाळून काही ग्रॅम घटतो. तांदूळ पुरता वाळवून, तपासणी झालेल्या काट्यावर थोडे झुकते माप देऊन भरावा. पिशवीवर निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना व वर्ष, भरणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीसाठी क्रमांक छापावा. हे कायद्याने आवश्यकच आहे.

यानंतरचा प्रश्न पुराव्याचा. काट्यावरील आकडा, पिशवीवरील ऑर्डरचा क्रमांक आणि बंद केलेले तोंड एका चित्रफितीत दिसले पाहिजे. कुरिअरची पावती जपून ठेवावी. परत आलेले पार्सल उघडतानाही चित्रफीत घ्यावी, कारण तांदळाऐवजी भलतेच काही परत आल्याचे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून ज्या फोनवर चित्रण केले त्यातून ते लगेच पुसून टाकू नये.

न आलेले पैसे आणि नको असलेले पैसे

गटाचा माल कंपनीबाहेर, ओळखीच्या ग्राहकांना थेट यूपीआयवरही विकला जातो. तेथे कंपनी नसते, म्हणून धोका निराळा. ग्राहक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवितो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यातील जमा हाच पुरावा. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम खरोखरच कापली गेली आणि विक्रेत्याला पोचल्याची खात्री झाली नाही, असेही होते. अशा वेळी वाद घालण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा अयशस्वी व्यवहारांसाठी मुदत घालून दिली. व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदारास दिलेली रक्कम पाच दिवसांत परत गेली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरविलेली आहे. ग्राहकाला हे शांतपणे सांगावे आणि जमा दिसेपर्यंत माल हलवू नये.

पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘फौजेतून बोलतो, शंभर किलो हवेत, हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. याहून फसवा प्रकार म्हणजे जादा पैसे येणे. ‘चुकून पाच हजार जास्त गेले, या दुसऱ्या क्रमांकावर परत पाठवा’ असे सांगितले जाते. आलेली रक्कम चोरीची असू शकते, आणि मूळ मालकाने तक्रार केली की गटाचेच खाते गोठते. एका व्यवहारापायी साऱ्या सदस्यांची बचत अडकते. भल्या मनाने परस्पर पैसे परत करू नयेत. बँकेला लेखी कळवून त्याच खात्यावर उलट पाठविण्यास सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी ती अडविता येते, त्यामुळे येथे तासांचा हिशेब असतो. बँकेने दखल घेतली नाही तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

दाद कोठे मागावी?

२०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याच्या आत निवारण करणे बंधनकारक आहे. मात्र ही सोय मुख्यतः ग्राहकासाठी आहे. विक्रेत्याचा आधार म्हणजे कंपनीशी झालेला लेखी करार, आणि तो बहुधा न वाचता ‘मान्य’ केलेला असतो. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. करारातील परताव्याची मुदत, हरकत घेण्याची मुदत आणि परत आलेल्या मालाचा खर्च कोणाकडे, ही तीन कलमे तरी नोंदणीपूर्वी कोणाकडून समजावून घ्यावीत.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे नागपूरच्या ग्राहकाची नोटीस वेल्ह्याच्या गटास नागपूरहून येऊ शकते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण ती कपाटात ठेवून देणेही योग्य नाही. सुनावणीस दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची सोय कायद्यात आहे.

घरगुती ग्राहकांचे तंटे शेकड्यांचे असतात. दुकाने, उपाहारगृहे, भेटवस्तू देणाऱ्या कंपन्या घाऊक माल उचलतात, तेथे ते हजारोंचे होतात. या बाबतीत मात्र कायदा विक्रेत्याच्या बाजूने भक्कम आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या दिवशी, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, दिले पाहिजेत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. ऑनलाइन अर्ज करून हे प्रकरण सुलभीकरण परिषदेपुढे नेता येते. नुसते भात पिकविणे यात येत नाही. भात भरडणे, निवडणे आणि पिशवीबंद करणे हा मात्र उद्योग होय. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती विनामूल्य असून बचतगटालाही करता येते. पैसे बुडाल्यावर केलेली नोंदणी आधीच्या विक्रीस लागू होते किंवा नाही, यावर न्यायालयांत बराच वाद झालेला आहे. म्हणून घाऊक मालाची पहिली पिशवी गावाबाहेर जाण्यापूर्वी ती झालेली असावी, आणि बिलावर तिचा क्रमांक, पैसे देण्याची तारीख व माल स्वीकारणाऱ्याची सही असावी.