सारंगखेड्याचा तापीकाठ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सहलीचा विषय निघाला की आपल्या कुटुंबांत माथेरान-महाबळेश्वरची नावे प्रथम येतात. आज मी शहादे तालुक्यातील सारंगखेडे या तापीकाठच्या लहानशा गावाची शिफारस करणार आहे. आणि शिफारशीसोबत एक विनंतीही करणार आहे.

सारंगखेडे आपणांस ठाऊक आहे ते मार्गशीर्षातील दत्तजयंतीच्या यात्रेमुळे. एकमुखी दत्ताचे दर्शन आणि दूरदूरच्या प्रांतांतून येणारे जातिवंत घोडे, एवढे पाहून आपण परततो. त्या गर्दीत नदीकडे पाहावयास सवड कोणास? म्हणून म्हणतो, यात्रा उठल्यावर, माघ-फाल्गुनातील एखाद्या साध्या दिवशी जावे. आगगाडीने दोंडाईचे गाठावे आणि पुढे शहाद्याच्या रस्त्याने पुलापर्यंत यावे.

मुलताईस उगम पावलेली ही सूर्यकन्या सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत खंबातच्या आखातास मिळते. पूर्वी उन्हाळ्यात तिचे पात्र रोडावे, वाळवंट उघडे पडे. आता सारंगखेड्यास आणि खाली प्रकाशे येथे दरवाजांचे बंधारे झाले आहेत. पावसाळा सरला की दरवाजे बंद करून पाणी अडवितात, आणि जेथे वाळू होती तेथे विस्तीर्ण जलाशय पसरतो. पहाटे त्यावर होड्या निघतात, जाळी पडतात. हे दृश्य मुलांना अवश्य दाखवावे.

परंतु आपल्याला जी सहल, ती त्या होडीतल्या माणसाची रोजी आहे. नदीकाठी जाणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकणे होय. वाळत घातलेली जाळी तुडवू नयेत. गळ टाकण्याची हौस असेल तर आधी विचारावे; कारण अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. आषाढ-श्रावणात तर गळ घरीच ठेवावा. त्या दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांच्या वाटेत बंधारे आधीच आडवे आले आहेत. आपण आणखी भर घालू नये. मासळी घ्यावयाची तर काठावरच रोख भावाने घ्यावी आणि घासाघीस आवरती ठेवावी.

आता विनंती. अडविलेल्या पाण्याला ओढ दिसत नाही, म्हणून ते उथळ आहे असे कोणी समजू नये. काठापासून चार पावलांवर डोह असू शकतो. आणि बंधाऱ्याचे दरवाजे उघडले म्हणजे खालच्या अंगाचे पाणी पाहता पाहता चढते. विहिरीत पोहणारा तरुणही अशा ठिकाणी फसतो. जाळे टाकणाऱ्याने “इथे उतरू नका” म्हटले की तो शब्द वडीलधाऱ्याचा मानावा. त्या पाण्याचा तळ त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही.

मंडळाने सहल अवश्य काढावी. पण तीपूर्वी एक उन्हाळा मुलांना, आणि मुलांइतकेच मुलींनाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवावे. आपण तापीला माता म्हणतो, आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव करतो. मातेच्या घरी गेलेली मुले घेऊन गेलो तितकीच परत आणणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.