मानमोडी आणि आमची जबाबदारी



१९१८ साली मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाला आपल्या पूर्वजांनी ‘मानमोडी’ म्हटले. तेव्हा लस नव्हती. आज आहे, तरी आम्ही आळस केला. सरोजिनी नगरच्या बाजारातून आम्ही खोकला घरी आणला आणि आमच्या वृद्ध मातोश्री पंधरा दिवस अंथरुणास खिळल्या. ही खंत कायमची आहे.

दिल्लीत ही साथ पावसाळ्यात व पुन्हा थंडीत बळावते. लसीने प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून वडीलधाऱ्यांसह आपणही ती दरवर्षी वेळेआधी टोचून घ्यावी. बाहेरून येताच साबणाने हात धुवावेत. आजारी असता रजा घ्यावी, वेगळ्या खोलीत निजावे. वृद्धांना कधी ताप फारसा चढतही नाही. ग्लानी दिसताच डॉक्टरांना दाखवावे. दुरून केलेल्या नमस्कारालाही आशीर्वाद मिळतोच!