कर नाही, तरी डर

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सीआरपी ताईंनी मांडलेलं मनोगत. त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



माझ्यावर आलेल्या आळाबद्दल बोल, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. झाकली मूठ बरी, असं वाटलं. पण आपल्यातल्या कितीतरी जणी आज पैशाचं काम करतात. कुणी लेखापाल आहे, कुणी सचिव, कुणी बँक सखी. उद्या तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सांगते.

मी चार गावांतल्या समूहांच्या बैठकींना जाते, दफ्तर तपासते. महिन्याच्या शेवटी प्रवासाचं बिल देते. गेल्या वर्षी मासिक सभेत ऑक्टोबर ते फेब्रुवारीची बिलं वाचली आणि एक ताई उठून म्हणाल्या, "एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मग या पूर्ण भाडं कसं लावतात? बाराशे चाळीस रुपये खाल्ले!"

त्यांचं गणित बरोबर होतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला ५० टक्के सवलत आहे. माझ्या फेऱ्या ३१, जाऊन-येऊन ८० रुपये, म्हणजे २४८० रुपये. त्याचे निम्मे १२४०. पण मी एसटीनं जातच नव्हते! आमच्याकडून सकाळची गाडी साडेसहाला, पुढची एकदम दुपारी एकला. बायका स्वयंपाक उरकून दहाला बैठकीला बसतात. मग वडापशिवाय इलाज नाही. वडापवाला तिकीट देत नाही आणि बाई म्हणून अर्धे पैसेही घेत नाही.

हे तिथंच सांगायचं ना? पण 'खाल्ले' हा शब्द ऐकला आणि माझं तोंडच सुकलं. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. मी सांगते, कर नसली तरी डर वाटते. चाळीस बायका आपल्याकडे बघत असतात. मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणजे कबूल केलं, असं काहींनी धरलं.

घरी आले, रडले. सासूबाई म्हणाल्या, "सोड ते काम." मालक म्हणाले, "बाराशे चाळीस भरून टाक, मिटव." माझंही मन तिकडंच झुकलं. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला भलामोठा मेसेज लिहिला, मग पुसला. सकाळी आमच्या समूहाच्या अध्यक्ष मावशी आल्या. म्हणाल्या, "रडून झालं का? आता वही काढ. आणि पैसे भरायचे नाहीत. पैसे भरून आळ फिटत नाही, खरा ठरतो."

तिथून पुढं मी जे केलं, ते क्रमानं सांगते.

आधी प्रभागसंघाला अर्ज दिला. आरोप काय, कुठल्या महिन्याची बिलं, किती रक्कम, हे लेखी द्या आणि उत्तराला आठ दिवस द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतली.

मग पुरावे गोळा केले. प्रत्येक समूहाच्या इतिवृत्त वहीत बैठकीची तारीख आणि माझी सही असते. ३१ च्या ३१ फेऱ्या जुळल्या. नऊ दिवस वडापवाल्याला मोबाइलवरून पैसे पाठवले होते, त्याची तारीख-वेळ फोनमध्ये निघाली. वडापवाल्यानं भाड्याचा दर लिहून सही करून दिली. स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला.

आणि माझी डायरी काढली. ती वाचताना पोटात गोळा आला. दोन दिवस बैठक लवकर संपली होती आणि परत येताना मी एसटीनं आले होते. तिकीट २० रुपये, बिलात सवयीनं ४० लिहिले होते. म्हणजे दोन दिवसांचे ४० रुपये मी खरंच जास्त घेतले होते.

मालक म्हणाले, "हे सांगू नकोस, आयतं कोलीत मिळेल." मला रात्रभर झोप नाही. शेवटी उत्तरात पहिल्याच ओळीत ते लिहिलं: ४० रुपये माझ्या चुकीनं जास्त घेतले, ते परत करते, पावती द्यावी. त्याखाली उरलेल्या २४४० रुपयांचा फेरीवार हिशोब.

तीन जणींच्या समितीनं वह्या तपासल्या. नंतर त्यातली एक मला म्हणाली, "तू ते चाळीस रुपये आधी सांगितलेस, म्हणून बाकीचं वाचताना शंका आली नाही." चूक वेगळी आणि चोरी वेगळी. चूक लपवली की ती चोरीसारखी दिसायला लागते.

निकाल माझ्या बाजूनं लागला. पण मी एक मागणी केली. आरोप भर सभेत झाला, तर निकालही सभेतच वाचा आणि इतिवृत्तात लिहा. तसं झालं. त्या ताई म्हणाल्या, "मला विचारायचंच होतं, शब्द चुकला." आम्ही आता बोलतो. गावात दोघीतिघी अजून कुजबुजतात, त्याला माझ्याकडं औषध नाही.

कुणी कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही मागितली तर करू नका. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनाही सांगते. विचारा, जरूर विचारा. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. पण 'हे कसं?' असं विचारा, 'खाल्ले' म्हणू नका. समोरचीचं ऐकून घ्या, मग ठरवा.

आता आमच्याकडे वडापच्या प्रवासाला साधं व्हाउचर आहे. तारीख, कुठून कुठे, वाहन, रक्कम आणि बैठकीतल्या दोघींच्या सह्या. एसटीचं तिकीट असेल तर त्याचा त्याच दिवशी फोटो काढते, कारण त्या कागदावरची शाई उडून जाते.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपण पाठ म्हणतो, हिशोब वेळच्या वेळी लिहायचा. समूहाचा आपण लिहितोच. तसाच स्वतःचाही लिहा. त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला माझा आवाज निघाला नाही. वही बोलली.