जुन्या भागांचा संगणक



संगणक म्हटला, की परदेशातील धूळमुक्त कारखाने आणि पांढऱ्या डगल्यांतील तज्ज्ञ डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु आपल्या देशात या विद्येचा श्रीगणेशा बऱ्याच अंशी मोडीच्या मालावर झालेला आहे. १९५३ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी दहा अज्ञातांची एकघाती समीकरणे सोडविणारे जे विद्युत्‌गणकयंत्र सिद्ध केले, त्यास लागलेला पुष्कळसा माल महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेला आणि तेथील दुकानांतून विकावयास आलेला होता. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ उभारला. १९६० साली कामास लागलेल्या त्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वातनलिका आणि १२,५०० रोधक होते. त्यानंतर एका पिढीने, १९९१ साली, पुण्याच्या सी-डॅकमध्ये आपल्या वऱ्हाडातील विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तोही बाजारात विकत मिळणाऱ्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. माल दुसऱ्याचा असला तरी जोडणी आपली होती, आणि माझ्या मते विद्या जोडणीतच असते.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास जो ‘असेंबल’ केलेला संगणक मिळतो, त्याचे कूळ हेच. हैदराबाद-पुण्याच्या कंपन्यांनी निर्लेखित केलेली यंत्रे लिलावात निघतात, त्यांचे भाग सुटे होऊन सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारांत येतात, आणि तेथून पिशवीत बसतील तेवढे घेऊन आपल्याकडील होतकरू पोरे रेल्वेने नांदेडास परततात. हे साधते ते केवळ कारागिराच्या हुशारीने नव्हे. १९८१ साली आयबीएमने घाईत आपला वैयक्तिक संगणक दुसऱ्यांकडून घेतलेल्या भागांचा बनविला आणि त्याचे मंडलचित्रही छापून प्रसिद्ध केले. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप ठरवून स्क्रूची छिद्रे आणि विजेचे कनेक्टर यांची जागा मुक्रर केली. म्हणूनच सिकंदराबादेत घेतलेला मदरबोर्ड लातुरात घेतलेल्या कॅबिनेटमध्ये निमूटपणे बसतो.

सर्वच भाग इतके निमूट नसतात. प्रोसेसर आणि त्याचे सॉकेट यांची पत्रिका जुळावी लागते; डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पिढ्यांच्या रॅमपट्ट्यांना टोके २४० च, मात्र एकीस १.८ व्होल्ट लागतात तर दुसरीस १.५, आणि म्हणून मधली खाच मुद्दाम थोडी सरकवून ठेवलेली असते, की घाईच्या माणसाचा अंगठा तेथेच अडावा. जोडणी पुरी होऊन पंखा फिरतो, तरी ‘डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार उरते, तेव्हा दुकानदार पहिल्याने रॅम काढून तिच्या सोनेरी टोकांवर शाळकरी खोडरबर फिरवितो, धूळ फुंकतो, पट्टी पुन्हा दाबून बसवितो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच पडदा उजळतो. माळेगावच्या यात्रेत जाणता शेतकरी जसे बैलाचे दात पाहतो, तशी जाणता ग्राहक मदरबोर्डावरील कपॅसिटरांची माथी पाहतो. ती फुगलेली दिसली, की भाव कितीही उतरो, सौदा मोडावा.

काटकसरीस बंदी आहे ती एका एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, बाबतीत. कनेक्टरची हिरवी तार काळ्या तारेस तात्पुरती जोडून पंखा फिरविला, म्हणजे तो सुरू होतो एवढेच सिद्ध होते. भार पडल्यावर बारा व्होल्टांची वाहिनी टिकेल किंवा नाही, याचा दाखला त्यातून मिळत नाही. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज जाते, त्याहून वाईट म्हणजे झटका देत परत येते, आणि त्या झटक्यात जुना एसएमपीएस स्वतः जातोच, शिवाय मदरबोर्डासही बरोबर नेतो. तो नवाच घ्यावा. कॅबिनेट, प्रोसेसर, रॅम खुशाल जुनी असोत.

पण ही जोडणी मुलांनी शिकावी कोठे? परीक्षेच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नाने आमच्या मुलांना गुणांचा हिशेब उत्तम शिकविला. पेंचकस हाती देण्याची त्यास फुरसत झाली नाही, हे मी त्या पॅटर्नाचा आदर राखूनच म्हणतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत संगणकाचे शास्त्र शिकविले जाते खरे, पण तेथवर पोचण्यापूर्वीच, दहावी-बारावीच्या वयात, एखादे मृत यंत्र उघडावयास मिळाले पाहिजे. त्यासाठी माझी एक अर्जवजा सूचना आहे. कचेऱ्यांतून मुदत संपलेले संगणक लिलावात भंगाराच्या भावाने जातात. त्यांतील काही संच, रीतसर ताबेपावती घेऊन, तालुक्याच्या शाळांस द्यावेत. मात्र हार्डडिस्क तशीच देऊ नये. फाइल ‘डिलीट’ केल्याने जुन्या चुंबकीय डिस्कवरील तिची नोंद तेवढी खोडली जाते, मजकूर मागे राहतोच; म्हणून प्रत्येक डिस्कवर दुसरा मजकूर पूर्णपणे लिहून घ्यावा, नाही तर ती सरळ काढून ठेवावी आणि शाळेने शे-सव्वाशे जीबीची नवी एसएसडी घ्यावी, म्हणजे कचेरीची गुप्तता राहील आणि म्हातारे यंत्रही लवकर उठेल.